वॅट वाढवण्याआधी व्होल्ट मोजून पाहा

प्रश्न : माझा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर (प्रीॲम्प्लिफायर आणि पॉवर ॲम्प्लिफायर एकाच पेटीत असलेला) ८ ओहमला ५० वॅटचा आहे आणि स्पीकरची संवेदनशीलता (एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज) ८६ डेसिबल आहे. बारा बाय चौदाच्या खोलीत मी मुख्यतः ख्याल आणि एकल तबलावादन ऐकतो. आवाज वाढवला की डग्ग्याचा घुमारा फाटल्यासारखा वाटतो. २०० वॅटचा उंची पॉवर ॲम्प्लिफायर घ्यावा का? अमेरिकेहून येणारा भाचा तो आणू शकेल.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ॲम्प्लिफायरची ताकद संपते ती बहुधा डग्ग्यासारख्या आघातावरच, कारण तानपुऱ्याला किंवा संथ आलापीला फारच थोडे वॅट पुरतात, तेव्हा आपली शंका रास्त आहे. मात्र वॅट चौपट केले म्हणून आवाज चौपट होत नाही. वॅट दुप्पट झाले की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे आपल्या पदरात ६ डेसिबल पडतील; कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. आघातांना मोकळीक मिळायला ६ डेसिबलही मोलाचे आहेत, पण त्यांची गरज आहे का, हे घरीच तपासता येते.

आपण जास्तीत जास्त ज्या आवाजात ऐकता तिथे व्हॉल्यूमचे बटण ठेवा आणि मग त्याला हात लावू नका. ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा सोडवा, पुन्हा चालू करा, त्याच प्लेअरवरून १०० हर्ट्झचा पूर्ण (रेकॉर्डिंगमधल्या कमाल) पातळीचा चाचणी-स्वर लावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या मागे जिथे स्पीकरच्या तारा जोडतात त्या टर्मिनलवर मोजा. (हे ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरपुरतेच, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर न जोडता कधीही चालवू नये.) व्होल्टच्या वर्गाला स्पीकरच्या ओहमने (विजेला होणाऱ्या रोधाने) भागले की वॅट मिळतात, ८ ओहमला ५० वॅट म्हणजे २० व्होल्ट. काटा १० व्होल्टच्या आसपास थांबला, तर आपल्याला तेरा वॅटही लागत नाहीत आणि दोष बहुधा खोलीचा किंवा मांडणीचा आहे. अशा वेळी स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढून तोच तबला पुन्हा ऐकावा. आकडा २०च्या जवळ किंवा वर गेला, तर मात्र मोठा ॲम्प्लिफायर जरूर घ्या.

निवडताना ८ ओहमच्या आकड्याशेजारी ४ ओहमचा आकडा वाचा. बऱ्याच स्पीकरचा रोध खर्जाच्या पट्ट्यात छापील आकड्याच्या बराच खाली उतरतो, आणि तिथे ॲम्प्लिफायरला जास्त विद्युतप्रवाह पुरवावा लागतो. ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला २०० वॅट देणारा ॲम्प्लिफायर, ८ ओहमला १५० पण ४ ओहमला जेमतेम १८० देणाऱ्यापेक्षा मी पसंत करीन, कारण पहिल्याचा ट्रान्सफॉर्मर आणि वीजपुरवठा भक्कम असल्याचे ते लक्षण आहे. क्लास ए ॲम्प्लिफायर (ज्यांतून गाणे नसतानाही पूर्ण विद्युतप्रवाह वाहत असतो) मला मनापासून आवडतात, पण तीसेक वॅटचा असा ॲम्प्लिफायर गाणे बंद असतानाही दीड-दोनशे वॅट वीज खाऊन तापत राहतो, आणि आपल्याला हवी असलेली ताकद त्यात मिळणार नाही.

आपल्या इंटिग्रेटेडला मागे ‘प्री-आउट’ सॉकेट (त्यातल्या प्रीॲम्प्लिफायरचा, म्हणजे आवाज नियंत्रित करणाऱ्या भागाचा, सिग्नल बाहेरच्या पॉवर ॲम्प्लिफायरला देणारे) आहे का, तेही आधी पाहा. ते नसेल तर वेगळा प्रीॲम्प्लिफायरही घ्यावा लागेल आणि अंदाजपत्रक बदलेल.

भाच्याला तूर्त थांबायला सांगा. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे; ॲम्प्लिफायर आपल्या विजेवर चालेल असे कंपनीने लेखी कळवले नसेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा भुर्दंड पडेल, ६० हर्ट्झसाठीच बेतलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापू शकेल किंवा गुणगुणू लागेल, आणि वॉरंटीही इथे चालेलच असे नाही. त्यापेक्षा दोन दिवस घरी ऐकायला देणारा इथला विक्रेता शोधा आणि तोच डग्गा त्याच आवाजात लावून पाहा.