भिशीचे पैसे कुठे ठेवू?

प्रश्न: ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहते. भिशी लागली त्याचे 40 हजार आलेत. शेजारच्या काकू म्हणतात पतसंस्थेत टाक, बँकेपेक्षा दीड टक्का जास्त मिळतो. टाकू का?

उत्तर: काकूंचं गणित बरोबर आहे हो, पण बँकेत, मग ती सहकारी का असेना, एका माणसाच्या ठेवीला व्याजासकट 5 लाखांपर्यंत विमा असतो (2020 च्या आधी 1 लाखच होता), पतसंस्थेला तो विमा नाही, आणि बोर्डावर ‘सहकारी’ दोन्हीकडं लिहिलेलं असतं म्हणून लोकांचा घोळ होतो. 40 हजारावर दीड टक्का म्हणजे वर्षाला 600 रुपये, तेवढ्यासाठी मुद्दल कशाला टांगणीला लावायचं? मी तरी नाही लावणार. आणि भिशीमुळं दर महिन्याला हप्ता भरायची सवय लागलीच आहे तर पोस्टात आरडी काढा, महिना 100 पासून चालू होते, 5 वर्षांची असते, 12 हप्ते भरून वर्ष झालं की निम्म्यापर्यंत कर्जपण मिळतं, मोडायची गरज नाही. फक्त वर्षाची हळद, चटणीची मिरची, गहू भरायचे पैसे आधी बाजूला काढा, मग ठेवीचं बघा, नाहीतर एप्रिलमध्ये एफडी मोडायला पळाल!