वाचकांचे प्रश्न: बोटीवरचा माणूस आणि युद्धाचा कायदा

प्रश्न: माझे पती टँकरवर सेकंड इंजिनिअर आहेत. बोटीवर पनामाचा झेंडा, मालक ग्रीक, एजंट मुंबईचा. पुढची फेरी तांबड्या समुद्रातून आहे. हल्ला झाला किंवा बोट कोणी पकडून नेली, तर कायदा त्यांच्या बाजूने काय करतो? घरी काय तयार ठेवावे? (एक वाचक, चिखली, गोवा)

उत्तर: व्यापारी जहाजावरचा तारवटी (खलाशी) हा नागरिक आहे, सैनिक नव्हे. त्याला जाणूनबुजून लक्ष्य करणे हा युद्धगुन्हाच. जहाजाचा हिशेब मात्र थोडा वेगळा. नौदले सहसा 1994 च्या सान रेमो नियमावलीचा आधार घेतात. तो तह नाही, पण समुद्रावरच्या युद्धाचे रूढ नियम त्यात एका जागी सापडतात. तटस्थ देशाच्या झेंड्याखालचे जहाज थेट लक्ष्य करता येत नाही. इशारा देऊनही ते मुद्दाम थांबले नाही आणि त्यात युद्धसाहित्य असल्याचा सबळ संशय असला, किंवा ते शत्रूच्या युद्धनौकांच्या ताफ्यात चालले, तर हे कवच जाते. मालक कोणत्या देशाचा, एवढ्यावरून हल्ला करण्याची मुभा कुणालाही मिळत नाही. तरीही 6 मार्च 2024 रोजी एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडले आणि तीन खलाशी गेले. त्यावरच्या 21 जणांना आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने बाहेर काढले. म्हणून कायद्यावर विसंबून तयारी सोडू नका.

बोट पकडली गेली, तर पहिला प्रश्न कोणी पकडली हा. युद्धात उतरलेल्या देशाने शत्रूचे व्यापारी जहाज पकडले, तर त्यावरच्या तटस्थ देशाच्या खलाशांना युद्धकैदी करता येत नाही, असे 1907 चा अकरावा हेग करार सांगतो. कॅप्टन आणि अधिकाऱ्यांना एक अट आहे: युद्ध संपेपर्यंत शत्रूच्या जहाजावर नोकरी करणार नाही, असे लेखी वचन द्यावे लागते. तुमचे पती अधिकारी आहेत, म्हणून हे त्यांना आजच सांगून ठेवा. आणि सही फक्त तेवढ्याच मजकुरावर. परक्या भाषेतला, न समजलेला कागद कबुलीजबाबही असू शकतो; भाषांतर मागावे.

युद्धात उतरलेल्या सशस्त्र गटाने पकडले, तर जिनिव्हा करारांचे सामाईक कलम 3 लागू होते. त्यात ओलीस ठेवायला स्पष्ट मनाई आहे. पण ती अमलात यायला किती काळ जातो पाहा: ‘गॅलेक्सी लीडर’ ही मालवाहू बोट येमेनच्या हूथी गटाने 19 नोव्हेंबर 2023 ला पळवली आणि तिचे 25 खलाशी जानेवारी 2025 मध्ये सुटले.

आता पगार. इथे बरीच घरे गाफील राहतात. सागरी कामगार करारात (एमएलसी 2006) नंतर झालेल्या दुरुस्तीमुळे चाचेगिरीत किंवा सशस्त्र लुटीत अडकलेल्या खलाशाचा करार आणि पगार सुटकेपर्यंत चालू राहतो. एखाद्या देशाच्या नौदलाने बोट अडकवली तर हे कलम सरळ लागू होत नाही. तेव्हा नोकरीच्या करारातच ‘कोणत्याही कारणाने अटकाव झाल्यास पगार चालू’ असे वाक्य असावे. नसेल तर जॉइनिंगपूर्वी मागून घ्या.

फेरी नाकारण्याचा हक्कही आहे. युद्धक्षेत्रात जायला संमती नसेल, तर कंपनीच्या खर्चाने घरी परतता येते. बोट आयबीएफ करारातली (जहाजमालक आणि खलाशी संघटनांच्या आंतरराष्ट्रीय मंचाचा करार) असेल आणि तो पट्टा त्यांनी ‘युद्धसदृश’ घोषित केला असेल, तर नाकारणाऱ्याला दोन महिन्यांच्या मूळ पगाराइतकी भरपाई मिळते. नकार लेखी, तारखेसह, कॅप्टनला आणि प्रत एजंटला, तोही बोट त्या पट्ट्यात शिरण्याआधी. आत गेल्यावर उतरवायला बंदरच नसते.

घरी एका पाकिटात ठेवा: पासपोर्ट आणि सीडीसीच्या (खलाशाच्या नोंदपुस्तकाच्या) प्रती, इन्डोस नंबर (सरकारी नोंदीतला खलाशाचा क्रमांक), करार, बोटीचा सात आकडी आयएमओ नंबर, झेंडा, विमा कंपनी आणि एजंटचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा परवाना) क्रमांक. नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच लिहा; शोध घेताना एका अक्षराच्या फरकानेही दिवस जातात.

गोव्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. पोर्तुगीज पासपोर्टवर जॉइन झालेल्याला वकिलातीची मदत पोर्तुगाल देते, भारत नाही. बोटीचा झेंडा इथे कामाला येत नाही. एप्रिल 2024 मध्ये इराणने अडवलेल्या ‘एमएससी एरीज’वर झेंडा पोर्तुगालचा होता, पण 25 पैकी 17 खलाशी भारतीय होते, आणि त्यांच्यासाठी धावपळ भारताने केली.

बातमी कळली की आधी एजंट, मग मुंबईचे डीजी शिपिंग (केंद्राचे जहाजवाहतूक महासंचालनालय), मग गोवा सरकारचे एनआरआय आयुक्तालय. संपर्क पूर्ण तुटला, तर दिल्लीतल्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे शोधअर्ज द्या. त्यात आई-वडिलांची पूर्ण नावे आणि जन्मठिकाण लागते. आणि बोट कुठे आहे, हे व्हॉट्सॲपवर टाकू नका.

प्रश्न: माझ्या फार्मसीच्या फलकावर पांढऱ्यावर लाल क्रॉस आहे. तो काढावा लागेल का? (एक व्यावसायिक, म्हापसा)

उत्तर: हो, काढा. जिनिव्हा करार कायदा 1960 नुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय हे चिन्ह वापरता येत नाही. दंड 500 रुपयांपर्यंतच आहे, पण नियमाचे कारण मोठे आहे. युद्धात हे चिन्ह पाहून सैनिकाने गोळी थांबवायची असते. शांततेत ते प्रत्येक दुकानावर आणि रुग्णवाहिकेवर दिसू लागले, की त्याचे वजन जाते. हिरव्यावर पांढरा क्रॉस चालेल.

प्रश्न: मुरगाव बंदरात 1943 साली जर्मन जहाजे जाळली गेली. गोवा तटस्थ असताना हे कायदेशीर होते का? (एक विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर: नव्हते. पोर्तुगाल तटस्थ होता आणि तटस्थ पाण्यात लढाई करू नये, हे 1907 च्या तेराव्या हेग करारात लिहिले आहे. मार्च 1943 मध्ये ब्रिटिशांनी ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर छापा घातला तो कलकत्त्याच्या लाइट हॉर्स या स्वयंसेवी घोडदळाच्या जुन्या स्वारांकरवी, कारण गणवेशातले सैन्य पाठवले असते, तर नियमभंग उघडच दिसला असता. ‘एरेनफेल्स’वरून गुप्त वायरलेसने संदेश जातात, असा त्यांचा आरोप होता. तो खरा मानला, तर जर्मनांनीही तोच करार मोडला, कारण तटस्थ बंदरात वायरलेस केंद्र चालवायलाही त्यात बंदी आहे. पण एकाने नियम मोडला म्हणून दुसऱ्याला तटस्थ बंदरात शिरून छापा घालण्याची मुभा आपोआप मिळत नाही. आधी तक्रार पोर्तुगालकडे करायची आणि ते प्रसारण बंद पाडणे हे पोर्तुगालचे काम.

तटस्थ बंदराचा योग्य उपयोगही त्याच वर्षी मुरगावात झाला. ऑक्टोबरमध्ये ‘ग्रिप्सहोल्म’ आणि ‘तेइया मारू’ ही जहाजे इथे भेटली आणि अमेरिका व जपान यांनी अडकून पडलेल्या नागरिकांची अदलाबदल केली. अशा जहाजांना दोन्ही बाजूंनी सुरक्षित प्रवासाची हमी द्यावी लागते, आणि वाटेत त्यांच्यावर हल्ला करायला मनाई असते.