विकायच्या डोमेनच्या लँडिंग पेजवर किंमत टाकावी की नुसतं ‘ऑफर द्या’ ठेवावं?

तुमच्याकडे विकायला काढलेली २० डोमेन, म्हणजे वेबसाइटची नावं, आहेत, नाव उघडल्यावर दिसणाऱ्या पेजवर ‘ऑफर द्या’ एवढंच लिहिलंय आणि वर्षभरात दोनच फालतू मेसेज आले, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत: किंमत टाका. मी दादरला राहतो, नोकरी सांभाळून हा उद्योग करतो, आणि हे शिकायला मला एक चांगलं गिऱ्हाईक घालवावं लागलं.

मोदकांच्या धंद्याला शोभेल असं एक डॉट कॉम माझ्याकडे होतं. पेजवर किंमत नव्हती. रात्री साडेअकराला एकाने दोन हजारांची ऑफर टाकली. मी सकाळी चहा पिता पिता ऐंशी हजार कळवले. त्यानंतर तो गायबच. चार महिन्यांनी काळाचौकीला एका टेम्पोच्या मागे तेच नाव दिसलं, पुढे डॉट इन! हजाराच्या आत मिळालं असेल त्याला. तेव्हापासून किंमत ठरवताना मी आधी डॉट इन मोकळं आहे का ते बघतो. मोकळं असेल तर गिऱ्हाईक डॉट कॉमला फार पैसे मोजत नाही.

आता किंमत किती? इथे बहुतेक जण चुकतात. ‘हजारात घेतलं, दहाला विकलं, नऊ सुटले’ हा हिशोब खोटा आहे, कारण न विकलेल्या नावांचं रिन्यूअल, म्हणजे नाव राखायची दर वर्षाची फी, हीसुद्धा तुम्हीच भरता. या धंद्यात शंभर नावांतली वर्षाला एक-दोन विकली जातात असं धरून चालतात. म्हणजे तुमच्या २० नावांतलं एक जायला अडीच ते पाच वर्षं. नावामागे वर्षाला १,२०० रुपये धरले तर तेवढ्या काळात साठ हजार ते १ लाख २० हजार गेले. त्यातून ज्या साइटवरून विकाल त्या प्लॅटफॉर्मचं कमिशन वेगळं. दहा हजाराला विकून वर पेढे वाटू नका.

किंमत पाहून लोक पळतात, ही भीती मलाही होती. पण पळतात ते दोन हजारवालेच. किंमत टाकल्यानंतर दुसरं एक नाव ७० हजाराला गेलं. मेल आला तेव्हा मी कुर्ला-घाटकोपरच्या मधे लोकलच्या दारात लटकत होतो. एक फोन नाही, घासाघीस नाही.

मोठी रक्कम असेल तर हप्त्यांची सोय चालू ठेवा. शेवटचा हप्ता येईपर्यंत डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर होत नाही, त्यामुळे जोखीम कमी.

‘ऑफर द्या’ फक्त एका शब्दाच्या, खरोखर दुर्मिळ नावाला, आणि तिथेही किमान रक्कम टाकून. व्हॉइस डॉट कॉम २०१९ साली ३ कोटी डॉलरला गेलं, पण तसलं नाव तुमच्या-माझ्याकडे नाही.

आणि यादीत कुणा कंपनीच्या ब्रँडचं नाव असेल तर ते आजच काढा. तिथे लिहिलेली किंमत यूडीआरपीच्या (डोमेनच्या नावांवरचे वाद सोडवायची पद्धत) तक्रारीत तुमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाते.

मी तुमच्या जागी असतो तर १२-१३ नावांवर साठ हजार ते दीड लाखाच्या मधली ठाम किंमत टाकली असती, आणि उरलेली पुढच्या वर्षी रिन्यूच केली नसती.