तारण झालंय, मग मला काहीच का वाटत नाही?

तारण म्हणजे ख्रिस्तावरच्या विश्वासाने पापातून मिळणारी सुटका, आणि त्याबद्दलचा हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय की समोरच्याने 'मॅडम एक विचारू का, हसणार नाही ना' म्हटलं की मला अंदाज येतोच. यावेळी विचारणारे दादा चाळिशीतले, अकाउंट्समध्ये काम करणारे (ओळख पटेल असे तपशील बदललेत).

आल्या आल्या त्यांनी बायबलचं पहिलं कोरं पान दाखवलं. 'प्रभूला स्वीकारलं' आणि पुढे तारीख, ती खोडलेली, खाली दुसरी, तीही खोडलेली, अशा चार तारखा. चौथी दोनच महिन्यांपूर्वीची आणि तिच्यापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणाची साक्ष (प्रभूने आयुष्य कसं बदललं ते सांगणं) ऐकली की यांना वाटायचं आपलंच काहीतरी राहिलंय, मग घरी येऊन परत तीच तारणाची प्रार्थना. साक्षींचं पण एक आहे, त्या दारू सुटली किंवा डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं तिथे संपतात, पुढच्या मंगळवारी काय झालं ते कुणी सांगतच नाही.

आधी मी झोप, भूक, कामात मन लागतं का ते विचारलं. नेहमीच विचारते, कारण 'काहीच वाटत नाही' हे कधीकधी डिप्रेशन असतं आणि दोन आठवड्यांच्या वर तसं चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवायचं, त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं. यांचं तसं नव्हतं. झोप बरी होती, गेल्या आठवड्यातली एक रात्र सोडून.

त्या रात्री काय झालं विचारलं तर टाळाटाळ. मग कळलं की रिपोर्टमध्ये यांच्याच हातून आकडा चुकला होता आणि साहेबांसमोर यांनी ज्युनिअर मुलाचं नाव पुढे केलं. रात्रभर कूस बदलत पडले, सकाळी केबिनमध्ये जाऊन सर चूक माझी होती म्हणाले, मग त्या मुलाची माफी मागितली. आणि हे मला पुरावा म्हणून सांगत होते बरं का, बघा मॅडम, तारण झालेला माणूस असं खोटं बोलेल का?

मी विचारलं, पूर्वी असं झालं असतं तर?

"पूर्वी? पूर्वी व्हायचंच की. झोप मस्त लागायची."

बोलले आणि स्वतःच गप्प झाले.

मग बायबलमधली वचनं काढली. इफिसकरांस २:८ मध्ये तारण 'झालेलं' आहे हे त्यांना पाठ होतं. पण १ करिंथ १:१८ मध्ये ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल आपल्याबद्दल लिहितो ते तारण 'होत असलेले' असं आणि रोमकरांस ५:९ मध्ये तर अजून पुढे 'होणार' आहे. फिलिप्पैकरांस २:१२ वाचून, भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, चेहराच उतरला. म्हटलं दादा थांबू नका, पुढची ओळ वाचा. इच्छा आणि कृती, दोन्ही तुमच्यात देवच घडवतोय. मग त्या सकाळी केबिनपर्यंत तुम्हाला कुणी नेलं?

भावनांना काही किंमत नाही असं मात्र मी कधीच म्हणत नाही, उगाच कोरडं वाटतं ते. दाविदाने ५१ व्या स्तोत्रात तारणाचा हर्षच परत मागितलाय. आणि यांना तारखा आवडतात म्हणून एक तारीख मीही दिली. जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाला २४ मे १७३८ ला तारणाची खात्री पटली आणि ४ जानेवारी १७३९ ला त्यानेच लिहून ठेवलं की मी अजून ख्रिस्ती नाही. हे ऐकून पहिल्यांदा हसले.

काम एवढंच दिलं, तारणाची प्रार्थना परत करायची हुक्की आली की ती करायची नाही, झालेल्याबद्दल आभार मानायचे आणि उठून हातातल्या कामाला लागायचं.

सहा आठवड्यांनी आले तेव्हा दोनदा राहवलं नाही म्हणाले. पेन्सिलचं प्रश्नचिन्ह तसंच होतं. तो ज्युनिअर मुलगा आता रिपोर्ट पाठवायच्या आधी यांच्या टेबलाशी येतो म्हणे, आणि दोघं मिळून आकडे तपासतात.