हिशेब एकदाच कर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तू ओट्यावर तासभर बसलीस आणि उठताना विचारलंस, "आप्पा, मनाचं ऐकू की धंद्याचं?" मी काही बोललो नाही. प्रश्नच मला पटला नव्हता, आणि तुझा चेहरा इतका ओढलेला होता की बोललो असतो तर रागावूनच बोललो असतो. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहायला बसलो.

सुरतच्या व्यापाऱ्याला तुझे केळीचे वेफर्स महिन्याला २ टन हवेत आणि किलोमागे ८ रुपये कमी हवेत. ते ८ रुपये कुठून काढायचे यावर तू चार वेळा आकडेमोड केलीस. केळीच्या भावातून थोडे, बायांच्या मजुरीतून थोडे, उरलेले तेलातून. चौथ्या वेळी हिशेब बसला. पण तुझी वही मी उलटी चाळली, पोरी. पहिल्या पानावर तुझ्याच अक्षरात लिहिलंय, "नाही जमत." आणि त्यावर काट मारलेली आहे. एवढं स्वच्छ उत्तर हातात असताना पुढची तीन पानं कशासाठी भरलीस?

हिशेब एकदाच करायचा असतो. बेरीज चुकली असेल तर दुरुस्त कर, पण उत्तर आवडलं नाही म्हणून पुन्हा मांडायला बसलीस की तो हिशेब राहत नाही. आपण स्वतःचं मन वळवायला बसलेलो असतो. मला हे कळायला फार किंमत मोजावी लागली.

तेव्हा मी सावद्याहून दिल्लीला केळी पाठवायचो. वॅगन भरायची असली की रात्र स्टेशनावरच काढायची. एका जून महिन्यात वादळ झालं, बागा आडव्या झाल्या. पडलेल्या झाडाचा माल थांबत नाही, दोन दिवसांत सगळ्यांचाच बाजारात आला आणि भाव कोसळला. यावल तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला मी वादळाच्या आधी भाव सांगून ठेवला होता. कागद नव्हता, तोंडचा शब्द होता. त्या रात्री कंदिलाशी बसून हिशेब केला, तेव्हा ठरलेला भाव देऊन मला तोटा येत होता. मोठा नव्हता, सोसला असता. पण मी पुन्हा मांडला. मग तिसऱ्यांदा, त्यात गाडीभाडं वाढवून धरलं. सकाळपर्यंत मला पटलं होतं की क्विंटलमागे ४० रुपये कापणं हाच न्याय आहे.

तो बांधावर फण्या उतरवत होता. दोन्ही हात चिकाने काळे झालेले. मी आकडा सांगितला. त्याने हात धोतराला पुसले, चीक काही निघाला नाही, तसेच पैसे घेतले आणि न मोजता बंडीच्या खिशात घातले. म्हणाला, "बरं भाऊ. चहा घेऊन जा." भांडला असता तर मी चार कारणं पाठ करून गेलो होतो. ती तशीच राहिली आणि मी तो चहा प्यालो.

पुढच्या वर्षी त्याची बाग दुसऱ्याने घेतली. मी बारा वर्षांनी त्याच्या घरी गेलो, तेव्हा भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो होता. मुलाने पाणी दिलं, ओळख विचारली. नाव सांगताना माझा घसा कोरडा पडला.

त्या दिवसानंतर शब्द दिलेला भाव मी कधी कापला नाही. यावरून माझ्या भावाने वाटणी मागितली. त्याचं म्हणणं, माझ्या हट्टापायी एक ट्रक विकावा लागला. ट्रक विकावा लागला हे खरंच आहे. पण त्या वर्षी बाजारात केळी मिळत नव्हती, तेव्हा एकवीस शेतकऱ्यांनी आधी मला निरोप धाडले होते, हे तो सांगत नाही. आणि समजा त्यांनी धाडले नसते, तरी मी भाव कापला नसता. भावाला मी हे नीट समजावू शकलो नाही, तुला समजावतोय.

आता तुझ्या त्या ८ रुपयांकडे ये. "मजुरीतून २ रुपये" असं तू लिहिलंस. मजुरी म्हणजे कोण? सकाळी आठला तळहाताला तेल चोळून कच्ची केळी सोलायला बसणाऱ्या त्या अकरा बाया. संध्याकाळपर्यंत ते तेल पुसलं जातं आणि बोटांच्या पेरांत चीक काळा होऊन बसतो. वहीत "मजुरी" लिहू नकोस, त्यांची नावं लिही. केळीच्या भावापुढे ज्या चौघांना लागवडीच्या वेळी शब्द दिलास त्यांची नावं लिही. मग २ रुपये कापून दाखव. नावानिशी हिशेब केला की तो एकदाच करावा लागतो.

तेलाचं तर तू बोलायलाच नको होतंस. तेल पुन्हा पुन्हा तापून खराब होताना त्यात जे पोलर घटक तयार होतात, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा नियम आहे, २०१८ च्या जुलैपासून लागू आहे. तू म्हणालीस, "आपण २४ वर थांबू." अगं, कढईत चकत्या सोडून मिठाचं पाणी शिंपडलंस की जो फेस येतो, त्यावरून तुला तेल उतरलंय की नाही ते हे घटक मोजणाऱ्या यंत्राच्या आधी कळतं. कढईशी उभं राहून दोन वर्षं झाली तुला. नाकाला कळलेलं यंत्राकडून खोडून घ्यायचं, हाही दुसऱ्यांदा मांडलेला हिशेबच.

तू म्हणालीस, असं मनाने चालणारे मोठे होत नाहीत. आपल्याच जळगाव जिल्ह्यात वाकोदचे उद्योजक भवरलाल जैन झाले. १९६३ मध्ये ७ हजार रुपयांवर रॉकेल विकायला लागले, आणि १९७८ मध्ये केळीच्या पावडरीचा एक जुना कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन नावाचं एन्झाइम काढायला लागले. तो कारखाना घ्यावा की नाही याचे चार हिशेब मांडत बसलं तर एकही माणूस तो घेणार नाही, असं माझं ठाम मत आहे. मोठं होणं आणि मनाचं ऐकणं यांचं वैर आहे, हे तुला सांगितलं कुणी?

एक मात्र आहे. मन म्हणजे कीव नव्हे. मी कीव येऊन उधारी दिली आहे, नाही म्हणायची लाज वाटली म्हणून सह्या केल्या आहेत, आणि त्याला मनाचा मोठेपणा म्हणवून घेतलं आहे. त्यातले बरेच पैसे आले नाहीत आणि माणसंही तुटली. त्या प्रत्येक वेळी आतून आधी नकार आला होता. तो मी ऐकला नाही. तेव्हा उद्या एखादी बाई उचल मागेल आणि तुझं मन नाही म्हणेल, तर नाहीच म्हण.

सुरतवाल्याला बुधवारी कळवायचं आहे. फोन माझ्यासमोर करू नकोस, घरून कर, आणि त्याला थेट भाव सांग. "बघते, विचार करते" असलं काही नको. कदाचित तो अर्धा टन जुन्या भावात घेईल. नाही घेतला तर फैजपूर आणि भुसावळच्या दुकानांना माल जातोच आहे, बाया घरी बसणार नाहीत.

आणि तू आणलेलं पाकीट काल संध्याकाळी फोडलं. तुझी काकू म्हणाली, ताज्या तेलातले आहेत. हा घाणा सुरतवाल्याची मागणी आल्यानंतरचा, पाकिटावर तारीख आहे. तेल कुणी बदलायला लावलं होतं, ते मला शनिवारी येऊन सांग.

तुझा,
आप्पा