चिलखती की कवचधारी?

शाळेच्या प्रदर्शनासाठी डंक्लिऑस्टियस या नामशेष माशाचा फलक लिहिणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलं आहे. त्यांचं वाक्य असं: ‘हा कवचधारी मासा आपल्या प्रचंड दातांनी भक्ष्य चावून खात असे.’ यात ‘कवचधारी’ ठेवावं की ‘चिलखती’?

चिलखती. माझा पहिला युक्तिवाद असा होता की ‘-धारी’ म्हटलं की वरून चढवलेली वस्तू डोळ्यांपुढे येते: शस्त्रधारी, खादीधारी. पण जटाधारीची जटा त्याच्याच डोक्यावर उगवते, तेव्हा हा युक्तिवाद तिथेच बारगळला. खरी अडचण साधी आहे. ‘कवचधारी’ ही जागा खेकडा, कोळंबी आणि शेवंड यांनी आधीच अडवली आहे. पोरं फलक वाचून कोळंबीचा आजोबा समजतील.

उलट ‘चिलखती गाडी’ आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. तिचं चिलखत कोणी रात्री काढून खुंटीला अडकवत नाही, गाडीचं अंगच ते असतं. या माशाचंही तसंच. त्याच्या कातडीतच हाडाचे जाड पत्रे तयार व्हायचे, डोक्यावर आणि धडाच्या पुढच्या भागावर. दोन्हींच्या मध्ये, मानेशी, बिजागरीसारखा सांधा. या सगळ्या गटाला प्लॅकोडर्म म्हणतात, ग्रीकमध्ये ‘पत्रा’ आणि ‘कातडी’. त्याचं ‘पट्टचर्मी’ करता येईल, पण कृपया करू नका, मलमाची जाहिरात वाटते.

आता न विचारलेलं. वाक्यातला खरा घोटाळा ‘दात’ आणि ‘चावून’ या शब्दांत आहे. या माशाला आपल्यासारखे दात नव्हतेच. जबड्याच्या हाडालाच धार होती. पुढे सुळ्यांसारखी टोकं, मागे सलग पाती. वरचं पातं खालच्यावर घासून आपोआप धार लागत राहायची. मला आधी अडकित्ता आठवला, पण अडकित्त्याला पातं एकच, खालची बाजू नुसता टेकू. इथे दोन्हींकडे पाती, म्हणजे कात्रीच. शिवाय जबडा खाली पडताना मानेच्या त्या सांध्यामुळे डोकंही वर उचललं जायचं. 2007 सालच्या एका अभ्यासात तोंड उघडायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागत असावा असा हिशेब निघाला. इतक्या झटक्यात तोंड उघडलं की पाण्याबरोबर भक्ष्यही आत ओढलं जातं. चावायला म्हणजे चघळायला दाढा लागतात, त्या कुठून आणणार? ‘कातरून गिळत असे’ म्हणा.

‘प्रचंड’ मात्र जपून, माशाच्या आकाराबद्दलही. चिलखत हाडाचं म्हणून टिकलं, मागचा सांगाडा कूर्चेचा, तो बहुतेक गेला. नामशेष कसला, डोकंशेष! त्यामुळे लांबी अंदाजानेच सांगायची, आणि जुनी पुस्तकं 8–10 मीटर सांगत आली. 2023 मध्ये डोक्याच्या मापांवरून नव्याने हिशेब झाला, तो साधारण 3.4 मीटर, मोठ्यातला मोठा 4 मीटरच्या आसपास. म्हणजे लांब नाही, आखूड आणि गुटगुटीत.

नावाचा ‘डंख’शी संबंध नाही, आणि ज्यांना नव्वदीतला जागतिक व्यापाराचा डंकेल प्रस्ताव आठवला त्यांनीही शांत व्हावं. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या संग्रहालयातले डेव्हिड डंकल यांचं हे नाव, 1956 मध्ये दिलेलं, पुढे ‘हाड’ अर्थाचा ग्रीक शब्द. त्याच्या ‘टेरेली’ जातीचं नाव टेरेल नावाच्या गृहस्थांवरून पडलं. त्यांना 1867 मध्ये ओहायोत, ईरी सरोवराच्या काठच्या कड्यांत याचे अवशेष सापडले होते.

तेव्हा फलकावर हे चालेल: ‘सुमारे 36 कोटी वर्षांपूर्वीचा चिलखती मासा. दात नाहीत, जबड्याच्या धारदार हाडांनी भक्ष्य कातरून गिळत असे.’ जागा उरली तर बाजूला कात्रीचं चित्र काढा, अडकित्त्याचं नको.