राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत 46 दिवस भरतात, मग ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ (लेंट) 40 दिवसांचा कसा? आणि गावातल्या चर्चमध्ये या काळात नेमके काय चालते?

रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस असल्याने मधले 6 रविवार उपवासात धरले जात नाहीत. कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पाम संडेला) आशीर्वादित केलेल्या, घरोघरी वाळलेल्या झावळ्या गोळा करून जाळतात आणि तीच राख राखेच्या बुधवारी भाविकांच्या कपाळी लावतात. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाचे स्मरण करणाऱ्या प्रार्थनेची, 14 स्थाने (टप्पे) होतात. एकाच धर्मगुरूकडे अनेक चर्च असतील तिथे ही भक्ती गावकरीच चालवतात, आणि माझ्या मते ती तिथेच अधिक मनापासून होते. बंधनकारक उपवास मात्र राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे एवढाच, तोही 18 ते 59 वयोगटासाठी.